दुसऱ्यांदा पडल्यावर

जून लागला की आमच्या मेडिकलमध्ये क्रेप बँडेजचा खोका पुढं काढून ठेवावा लागतो. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या गल्ल्या, एकदा पाऊस धरला की दोन-दोन दिवस उघडीप नाही, परड्यात शेवाळ, न्हाणीकडं जायचं तर ओल्या फरशीवरनं, आणि जवळपास प्रत्येक घरात एक तरी म्हातारं माणूस. कुणाचा तरी नातू छत्री मिटत येतो आणि म्हणतो, आजी पडली, मनगट सुजलंय, पट्टी द्या आणि दुखायची गोळी द्या. कशी पडली विचारलं की उत्तर तयार असतं. पाय घसरला, मांजर आडवं आलं, लाईट गेली होती. बहुतेक वेळा ते खरंच असतं. मी त्याच्या पुढचा प्रश्न विचारतो, याआधी कधी पडल्या होत्या का? मग पोरगं जरा थांबतं, आठवतं आणि म्हणतं, हां, गणपतीत एकदा पडली होती, पण तेव्हा काय लागलं नव्हतं.

मला लिहायचंय ते या "लागलं नव्हतं" बद्दल. प्रत्येक पडण्याला घरातली माणसं एक वेगळं कारण शोधतात, ते कारण मिळालं की विषय संपतो, आणि चार महिन्यांनी पुढचं पडणं येतं तेव्हा त्याचं कारण पुन्हा नवीन असतं. फरशी, चप्पल, मांजर, उपास, गर्दी. या सगळ्या पडण्यांत एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे पडणारं माणूस, आणि त्याच्याकडं मात्र कुणी नीट बघितलेलं नसतं.

आमच्या गल्लीतल्या एका मामांचं सांगतो. पंचाहत्तरीला आलेले, सगळं आयुष्य मागावर साड्या विणण्यात गेलं, दोन्ही गुडघे कामातनं गेलेत. मामी गेल्या त्याला काही वर्षं झाली. मामा पहिल्यांदा पडले ते रात्री लघवीला उठल्यावर, मधल्या खोलीच्या उंबरठ्याला पाय अडकून. मुलानं दुसऱ्याच दिवशी तिथं झीरोचा बल्ब लावला. नंतर एका सोमवारी कपिलेश्वरच्या देवळाला निघाले होते, पोटात काही नाही, पुलाच्या चढावर बसकण मारली आणि कलंडले, तेव्हा कारण ठरलं उपास. मग बसस्टँडवर, बाकड्यावरनं उठून गाडीकडं जायला लागले आणि दोन पावलांत आडवे. घरी येऊन सांगितलं, गर्दीत धक्का लागला. मुलगा भला माणूस आहे, प्रत्येक वेळी त्यानं काही ना काही केलं, बल्ब लावला, उपास सोडायला लावला, एकट्यानं बसस्टँडवर जायचं बंद केलं. एवढं करूनही मामा पडतच राहिले.

मला मामांचा औषधाचा डबा पाठ आहे, महिन्याच्या महिन्याला मीच भरून देतो. बीपीची गोळी, तिच्यातच लघवी जास्त करणारं औषध मिसळलेलं. शुगरच्या दोन, त्यातली एक ग्लिमेपिराईड, जी घेतली आणि खाल्लं नाही तर शुगर खाली जाते. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, जिनं लघवी मोकळी होते पण उभं राहिल्यावर बीपी पडू शकतो. मामी गेल्यावर झोप लागेना म्हणून चालू झालेली अल्प्राझोलाम. वर सर्दी झाली की मामा स्वतःच्या मनानं घेतात ती सेट्रिझिन, तिनंही गुंगी येते. ही औषधं एका डॉक्टरनं लिहिलेली नाहीत, तिघांनी लिहिलीत, आणि प्रत्येकानं आपापल्या जागी बरोबरच लिहिलंय. फक्त ती सगळी रात्री एकाच माणसाच्या पोटात एकत्र येतात, आणि तो माणूस अंधारात घाईघाईनं उठतो.

आता पहिलं पडणं बघा. उंबरठा होताच, पण मामा तो उंबरठा लहानपणापासून ओलांडतायत. त्या रात्री झोपेच्या गोळीचा अंमल होता, लघवीची घाई होती, उभं राहताना बीपी खाली गेला असणार, गुडघा पुरता उचलला गेला नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. कापडातला एक धागा तुटला तर हाताला कळतसुद्धा नाही, एकाच जागचे चार-पाच तुटले की तिथंच कापड फाटतं, हे मामांना मी काही शिकवायला नको.

हे माझं नुसतं दुकानातलं निरीक्षण नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांनी १९८८ साली नेमका हाच अभ्यास छापला. पंचाहत्तरीच्या पुढची, आपापल्या घरी राहणारी ३३६ माणसं, वर्षभर पाठपुरावा केला, तर जवळपास तिसरा हिस्सा एकदा तरी पडला. त्यांनी झोपेची किंवा गुंगीची औषधं, विसराळूपणा, पायातली कमजोरी, तोल आणि चाल, पावलांचे आजार अशा गोष्टी मोजल्या. ज्यांच्यात यातलं काहीच नव्हतं त्यांची पडायची शक्यता ८ टक्के निघाली, आणि ज्यांच्यात चार किंवा जास्त होत्या त्यांची ७८ टक्के. हा आकडा वाचला तेव्हा मी बराच वेळ मामांच्या डब्याचा विचार करत बसलो होतो. याचा दुसरा अर्थ मला फार आशेचा वाटतो. वय कमी करता येत नाही, पण चारातली दोन कारणं तरी कमी करता येतातच.

आणि एकदा पडलेला माणूस पुन्हा पडायची शक्यता साधारण दुप्पट होते, हेही आता सगळीकडं मान्य झालेलं आहे. म्हणून मी पहिल्या पडण्याला घाबरत नाही तेवढा दुसऱ्याला घाबरतो. एखादा धडधाकट माणूस पावसात घसरून पडू शकतो, तरुणही पडतात. पण वर्षात दोनदा पडलं म्हणजे शरीर काहीतरी सांगतंय, मग लागलेलं असो वा नसो. पुन्हापुन्हा कोण पडतं यावर झालेल्या अभ्यासांत एक साधी खूण सापडते, खुर्चीवरनं हाताचा टेकू न घेता उठता येत नाही. तुमच्या घरात करून बघा. सोफा नको, साधी जेवणाच्या टेबलाची खुर्ची, दोन्ही हात छातीवर घडी घालून, आणि शेजारी कुणीतरी उभं राहून.

माझी आत्ती बेळगावजवळच्या येळ्ळूर गावात असते. ती एकदाच पडली, चुलीजवळ, पाटावरनं उठताना. मनगटाला प्लॅस्टर, दीड महिन्यात निघालं, हाड छान जुळलं. पण त्यानंतर आत्तीनं बाहेर जायचं सोडलं. आधी चांगळेश्वरीच्या देवळापर्यंत रोज जायची, जाताना चार घरी थांबून चौकशी करायची, लावणीच्या दिवसांत तर बांधावर उभं राहून सगळ्यांना हाका मारायची. ते सगळं बंद. आणि आम्ही सगळ्यांनी मायेनं तिला साथ दिली. "आत्ती तू बस, मी आणतो." "तू उठू नको, पाणी इथंच देतो." चहा जागेवर, जेवण जागेवर, टीव्हीचा रिमोट हातात. वर्षभरात तिच्या पोटऱ्या बघितल्या तर कातडी लोंबायला लागलेली. मग न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरून जायला लागली, आणि भिंत धरून चालणारा माणूस खाली बघत, अंग आखडून, पाय फरफटत चालतो, म्हणजे पडायची भीती वाढते आणि पडायचा संभवही. पडायची भीती हा स्वतःच एक मोठा धोका आहे, आणि ती भीती घरातल्या प्रेमावर पोसली जाते. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण आत्तीच्या सुनेइतकी काळजी घेणारी बाई मी गावात दुसरी बघितलेली नाही.

आत्तीबरोबर चालताना एक गोष्ट लक्षात आली. ओसरीवरनं आत जाताना मी विचारलं, आत्ती, यंदा भात कसं हाय? ती थांबली. पूर्ण थांबली, भिंतीला हात लावला, मग म्हणाली, "बरं हाय की, पण पाऊस लई झाला." आणि बोलून झाल्यावर पुन्हा चालायला लागली. असं दोन-तीन वेळा झालं. स्वीडनच्या संशोधकांनी १९९७ मध्ये अगदी हेच टिपलं होतं. वृद्धांच्या निवासातल्या माणसांशी चालता-चालता बोलायचं आणि बघायचं कोण थांबतं. बारा जण थांबले, त्यातले दहा जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. चालणं आपल्याला आपोआप होतं असं वाटतं, पण म्हातारपणी त्याला डोक्याचं लक्ष लागतं, आणि लक्ष दुसरीकडं गेलं की पाय अडखळतात. तेव्हा न्हाणीकडं निघालेल्या माणसाला मागनं हाक मारून "फोन कुणाचा होता?" असं विचारू नका, पोचू दे, मग विचारा.

आत्तीला तपासायला नेलं तेव्हाचंही सांगायला हवं. डॉक्टर तरुण, कन्नड बोलणारे, मराठी मोडकंतोडकं पण मनापासून बोलायचा प्रयत्न करत होते. आत्तीला कन्नड समजतं, पण डॉक्टरापुढं बसली की प्रत्येक प्रश्नाला मान हलवते. चक्कर येते? मान. पडला होता? मान, आडवी. सून बोलायला गेली तर आत्तीनं तिच्या हाताला चिमटा काढला. पडलो हे सांगायची म्हाताऱ्या माणसांना लाज वाटते, भीतीही वाटते, मुलं आता एकटं सोडणार नाहीत, शेतावर जाऊ देणार नाहीत, देवळात जाऊ देणार नाहीत. निम्म्याहून जास्त माणसं पडल्याचं डॉक्टरला सांगतच नाहीत असं अमेरिकेतही आढळलंय, तेव्हा हे काही आपल्याच गावचं नाही. म्हणून मी आता सगळ्यांना एक साधा कागद करायला लावतो. कधी पडले, किती वाजता, काय करत होते, पडायच्या आधी डोळ्यापुढं अंधारी आली का, किती वेळ उठता आलं नाही, त्या दिवशी कुठल्या गोळ्या पोटात होत्या. अंधारी येऊन किंवा शुद्ध जाऊन पडणं वेगळं, आणि अडखळून पडणं वेगळं. पहिल्यात हृदयाची गती, बीपी, शुगर बघावी लागते, तिथं उशीर करून चालत नाही.

बीपीचं जरा सविस्तर सांगतो, कारण हे घरी करता येतं आणि फारसं कुणी करत नाही. आपण बीपी बसवून मोजतो. पण पडणारं माणूस बसलेलं नसतं, ते उठत असतं. तेव्हा पाच मिनिटं आडवं झोपवून मोजायचं, मग उभं करून एका मिनिटानं मोजायचं, आणि तिसऱ्या मिनिटाला परत. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. दुकानात मागच्या बाजूला बाकडं आहे, मामांना तिथं झोपवलं. झोपून वरचा १४८. उभं केलं, हात धरून, एका मिनिटानं ११८. मामा म्हणाले, "जरा डोळ्यापुढं काळं आलं बघ." आणि मग आपणहून म्हणाले, बसस्टँडवर पण असंच झालेलं, धक्का-बिक्का कुणी दिला नव्हता.

मुलगा शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही, मामांचा शर्ट नीट करत राहिला.

डोस बदलणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. मी सगळ्या गोळ्यांची एकच यादी केली, तिघांच्या औषधांची, वेळेसकट, वर हे दोन आकडे लिहिले आणि ती चिठ्ठी घेऊन मुलाला बीपीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. माझं एवढंच म्हणणं असतं, पाचापेक्षा जास्त गोळ्या चालू असतील तर वर्षातनं एकदा तरी सगळा डबा पिशवीत घालून एका डॉक्टरापुढं मोकळा करा आणि विचारा, यातली कुठली आता लागत नाही? कुठली गोळी चालू करायची हे सगळेच विचारतात. बंद करायचं विचारायला आपण घाबरतो.

झोपेच्या गोळीबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि वेगळ्या रजिस्टरला नोंद करायची. तरी लोक जुनी चिठ्ठी घेऊन येतात, शेजाऱ्याची स्ट्रिप दाखवतात, अर्धीच द्या म्हणतात. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली छापलेला एक अभ्यास आहे, त्यात ज्यांची झोपेची आणि मनाची औषधं हळूहळू कमी केली त्यांचं पडणं ६६ टक्क्यांनी कमी झालं. एवढा फरक पाडणारी गोष्ट या विषयात दुसरी क्वचितच सापडेल. पण त्याच अभ्यासात प्रयोग संपल्यावर महिन्याभरात बऱ्याच जणांनी परत गोळ्या चालू केल्या, आणि मला त्यांचा राग येत नाही. मामी गेल्यापासून मामांची रात्र किती लांब असते ते मला माहीत आहे, रात्री उशिरा शटर ओढतो तेव्हा ते दारात बसलेले असतात. आणि ही गोळी एका झटक्यात कधीही बंद करायची नाही, फिट येऊ शकते, डॉक्टरच्या सांगण्यानं आठवड्या-आठवड्यानं कमी करायची असते.

उलट एक गोष्ट लोक मनानंच चालू करतात, ती व्हिटॅमिन डीची साठ हजारी पुडी. कमी असेल तर जरूर घ्यावी, पण तपासून आणि ठरलेले आठवडे. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातनं एकदम ५ लाख युनिट देऊन बघितले होते, २०१० मध्ये निकाल आला, त्यांचं पडणंही वाढलं आणि हाडं मोडणंही.

चष्म्याचं थोडक्यात. लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला बायफोकल चष्मा घालून जिना उतरताना खालच्या भागातनं पायरी धूसर दिसते, कारण तो भाग पुस्तकाच्या अंतराचा असतो. आमच्याकडच्या जुन्या घरांत माडीवर जायचा लाकडी जिना शिडीसारखा उभा, कठड्याच्या जागी दोर, तिथं हा चष्मा धोक्याचा. बाहेर चालायला दूरचा वेगळा चष्मा ठेवावा. मोतीबिंदू असेल तर "पिकू दे" म्हणत बसू नये, पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर झालेल्या बायका कमी पडतात असं इंग्लंडमध्ये दिसलंय. आणि घरात सैल रबरी स्लीपर नको, टाच धरणारी चप्पल हवी.

आता व्यायाम. आत्तीला व्यायाम म्हटलं तर ती तोंडाला पदर लावून हसली, जन्मभर शेतात काम केलंय, आता व्यायाम कसला. पण नुसतं चालून हे भागत नाही, तोल आणि पाय यांना वेगळं काम द्यावं लागतं. सगळे प्रयोग एकत्र करून २०१९ मध्ये कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा जो आढावा आला त्यात व्यायामानं पडणं जवळपास चौथ्या हिश्श्यानं कमी होतं असं निघालं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं यासाठी घरी करायचे व्यायाम बसवलेत, त्यातले सोपे दोन-तीन मी फिजिओथेरपिस्टला विचारून घेतले आणि आत्तीच्या दिवसात बसवले. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओटा धरून टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या. चहाच्या आधी खुर्चीवरनं उठायचं-बसायचं, सुरुवातीला हात टेकून, मग एकाच हातानं, मग हात न लावता. भिंतीच्या कडेनं एका पावलाच्या पुढं दुसरं पाऊल लावून चालायचं, सून शेजारी. पहिले काही आठवडे आत्ती रोज कुरकुरली. मग एक दिवस मी गेलो तर खुर्चीवरनं हात न लावता उठून दाखवलं आणि म्हणाली, "बघितलास? आता देवळापर्यंत सोडा मला." सोडलं. काठी घेऊन, नातीबरोबर, आणि परत येताना ती चार घरी थांबली.

एक गोष्ट मात्र आम्ही सगळ्यात शेवटी शिकवली आणि ती सगळ्यात आधी शिकवायला हवी, पडल्यावर उठायचं कसं. १९८१ साली इंग्लंडातल्या एका अभ्यासात पडल्यावर तासाहून जास्त वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी निम्मे सहा महिन्यांत वारले होते, हाड न मोडताही. अंग गार पडतं, पाणी कमी होतं, दाबलेले स्नायू खराब होऊन किडनीवर येतं, शिवाय एवढा वेळ उठता न येणं म्हणजे शरीर आधीच किती खचलंय याची ती खूण असते. दुपारी मुलं कामाला, पोरं शाळेला, सून बाजारात, अशा वेळी न्हाणीत पडलेलं माणूस हाक तरी कुणाला मारणार. तेव्हा पलंगावर बसवून दाखवायचं, मग गादीवर करून घ्यायचं: आधी श्वास घेऊन बघायचं कुठं दुखतंय, मग कुशीवर वळायचं, कोपरावर, मग गुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात खुर्चीवर, एक पाय पुढं, आणि उठून लगेच बसायचं. खुबा दुखत असेल, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल तर उठायचं नाही आणि घरच्यांनीही ओढून उठवायचं नाही. न्हाणीला आतनं कडी लावू नये, नुसतं दार लोटून घ्यावं. साधा बटणाचा मोबाईल गळ्यात अडकवला तर उत्तम.

मामांचं पुढं काय झालं ते सांगतो. बीपीच्या डॉक्टरांनी यादी बघितली, गोळी बदलली, लघवीचं औषध काढलं. प्रोस्टेटच्या डॉक्टरांनी त्यांच्या गोळीची रात्रीची वेळ बदलली. झोपेची गोळी अर्ध्यावर आली आहे, पावावर जायचंय, ते अवघड जातंय. पलंगाजवळ रात्रीसाठी भांडं ठेवलंय, याला मामांचा विरोध होता, पण नातवानं समजावलं. उठताना आधी पलंगाच्या कडेवर बसून पाय हलवायचे, मग उभं राहायचं, हे आता सवयीचं झालंय. त्यानंतर ते एकदाच पडले, नागपंचमीच्या सुमाराला, ओल्या पायरीवर, गुडघा वाकला म्हणून. पट्टी न्यायला मुलगा आला तेव्हा तारीख, वेळ, सगळं कागदावर लिहून आणलं होतं, आणि या वेळी अंधारी आली नव्हती असं त्याखाली मामांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. गुडघ्याचं फिजिओथेरपीवर चाललंय. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलंय.